कूलरची बाजू

मी कॉलेज का सोडलं विचारता ना? ऐका. राज्याचे दोन तुकडे झाले त्या उन्हाळ्यात आमचे सर, सामुदायिक मानसशास्त्राचे मोठे पंडित, हैदराबादच्या जामबागेत आमच्या गल्लीची मनं जोडायला आले. फील्डवर्कचे मार्क त्यांच्या हातात, म्हणून हॉलमध्ये माणसं मीच गोळा केली. मनं जोडायची, तर सरांनी आधी माणसंच वेगळी केली. "तेलंगणावाले डावीकडे, आंध्रवाले उजवीकडे!"

आईनं विचारलं, "आम्ही मराठी. आम्ही कुठं बसायचं?"

"तुम्ही मधे बसा, ताई."

थोड्या वेळानं बघतो तर सगळेच डावीकडे, मांडीला मांडी लावून. सरांचे डोळे भरून आले. "पाहिलंस? ही समूहभावना!"

"सर, कूलर तिकडं आहे."

"मूर्खा, तुला यातलं काय कळतं?"

मी जाऊन कूलर बंद केला. दोन्ही राज्यं एकदम उठली. शेजारच्या, मूळच्या आंध्रातल्या गुंटूरच्या लक्ष्मी आंटींनी आईचा हात धरला, "चलो भाभी, हमारे घर में भी कूलर हैच." अख्खी गल्ली त्यांच्या मागं निघाली.

"अहो, चर्चा बाकी आहे!" सर रिकाम्या खुर्च्यांना सांगत होते.

मी मार्कांवर आणि कॉलेजवरही पाणी सोडलं आणि आंटींच्या कूलरपुढं जाऊन बसलो.