दोन जानेवारीला घरात कोण होतं

ऑर्विल: मार्लिस, आवाज जरा खाली घे. मागं आठ जण नंबराची वाट बघत बसलेत.

मार्लिस: बसू देत की. मी काय चोरी करायला आलेय? घराचा कर वाढवलात, त्यावर अपील करायला आलेय. अख्ख्या वर्षात अपिलाला एकच सकाळ देतं तुझं हे टाउनशिपचं बोर्ड, त्यातही कुजबुजायचं?

ब्रिटा: मिसेस ब्रेके, मी काउंटीच्या असेसर ऑफिसकडून आलेय, घरांची किंमत आम्ही ठरवतो. पुन्हा एकदा सांगते. तुमच्या अर्जात दोन गोष्टी आहेत. एक, घराची किंमत. दुसरी, राहत्या घराची सवलत, म्हणजे होमस्टेड. किंमत वाढलीय, कारण आमच्या नोंदीत तुमचं तळघर बांधून पूर्ण झालंय. दोन खोल्या आणि एक बाथरूम.

मार्लिस: कुणी पाहिलं?

ब्रिटा: परवाना काढलाय ना. दोन वर्षांपूर्वी, तुमच्या नवऱ्यानं.

मार्लिस: लग्नाचा परवानाही त्यानंच काढला होता, पोरी. परवाना काढला म्हणजे काम तडीला गेलं असं कुठं असतं?

ऑर्विल: मागच्यांनी हसू नका. सभेची मिनिट्स लिहिली जातायत.

ब्रिटा: मी ऑगस्टमध्ये स्वतः आले होते तपासायला. तुम्ही दार अर्धंच उघडलंत. म्हणालात, आज नको. सप्टेंबरात पत्र पाठवलं, त्याला उत्तर नाही. असेसरला घरात येऊ दिलं नाही, तर बोर्डाला किंमत कमी करता येत नाही. हा कायदा आहे, माझा हट्ट नाही.

ऑर्विल: खरंय ते, मार्लिस. माझे हात बांधलेत. का नाही येऊ दिलंस तिला?

मार्लिस: सांगते. आधी दुसऱ्या गोष्टीचं बोला. सवलत निम्मी का कापली?

ब्रिटा: घर दोघांच्या नावावर आहे. मिस्टर ब्रेके तिथं राहत नाहीत. त्यांनी तळ्याकाठच्या केबिनवर होमस्टेड मागितलंय. नवरा-बायकोला मिळून एकच राहतं घर धरता येतं. म्हणून तुमचं निम्मं गेलं.

ऑर्विल: हे बघ, हे आपण आत बसून बोलू. मागच्या खोलीत. कॉफीही आहे. कोर्टाचे कागद असतील तर तिथं दाखव. सगळ्यांसमोर नको.

मार्लिस: का नको?

ऑर्विल: अगं, तुझ्याच भल्यासाठी म्हणतोय. तूच सगळ्यांना सांगत होतीस ना, डेल डकोटाला तेलाच्या कामावर गेलाय म्हणून.

मार्लिस: सांगत होते. खोटं होतं ते.

ऑर्विल: मार्लिस...

मार्लिस: लिहून घे. मिनिट्स कोण लिहितंय? तूच ना, लोरेटा? नीट लिही. माझा नवरा डेल ब्रेके गेल्या जुलैत घर सोडून गेला. एकोणीस नोव्हेंबरला कोर्टात आमचा घटस्फोट झाला. घर मला मिळालं, केबिन त्याला. हा निकाल, हा कोर्टाचा शिक्का. पोरी, तुझ्या कायद्यात कुठला दिवस धरतात?

ब्रिटा: दोन जानेवारी. त्या दिवशी घरात कोण राहत होतं, ते बघतात.

मार्लिस: दोन जानेवारीला मी कुणाची बायको नव्हते. घर माझं होतं. घरात मी होते. उणे एकोणतीस होतं बाहेर, आणि मी माझ्या शाळेच्या बसचं इंजिन तापवायला पहाटे पाचला उठले होते. मग निम्मी सवलत कुठल्या हिशेबानं?

ब्रिटा: हा निकाल आमच्या ऑफिसात आलाच नाही, मॅडम. तुमच्या वकिलानं नोंदवायला हवा होता.

मार्लिस: वकिलानं नाही नोंदवला. मीही पेटीत ठेवून दिला. डेलला सवलतीच्या फॉर्मवर सही करायला तीनदा सांगितलं. म्हणाला, कर झेपत नसेल तर वीक घर आणि फ्लॅटमध्ये जा, एकट्या बाईला चार खोल्या कशाला हव्यात? तेव्हाच ठरवलं, आता याच्या सहीची वाट बघायची नाही.

ऑर्विल: खरं सांगू? आम्हाला सगळ्यांना माहीत होतं गं.

मार्लिस: काय माहीत होतं?

ऑर्विल: डेलचं. त्याची गाडी त्या केबिनपाशी दिसायचीच की सगळ्यांना.

मार्लिस: अच्छा! मग नऊ महिने दर रविवारी चर्चच्या पायरीवर मला विचारत होतात ते काय होतं? "डकोटात थंडी कशी आहे, मार्लिस? डेलचा फोन आला का, मार्लिस?" तू स्वतः विचारलंयस, ऑर्विल. ख्रिसमसला.

ऑर्विल: मला वाटलं, तुला बरं वाटेल.

मार्लिस: मी घरी जाऊन हवामानाच्या बातम्या बघायचे. डकोटाच्या! कुणी विचारलं तर चुकू नये म्हणून. लोरेटा, हे नको लिहूस. नाही, लिही. हेही लिही.

ब्रिटा: सवलतीचं काम होईल, मॅडम. निकालाची प्रत मला द्या, पूर्ण सवलतीची शिफारस मी इथंच करते. पण किमतीचं मात्र, घर पाहिल्याशिवाय...

मार्लिस: तर चल. आत्ता. चार मैलांवर आहे. ऑर्विल, तूही चल. बाकीच्या दोघा मेंबरांना पुढचा नंबर ऐकू दे.

(वीस मिनिटांनी. मार्लिसच्या तळघरात.)

मार्लिस: सांभाळून उतरा. शेवटच्या पायरीला बूट भिजतील.

ऑर्विल: अरे देवा! पाणी आहे की इथं.

मार्लिस: दर एप्रिलला येतं. बर्फ वितळलं की पंप दिवसरात्र चालतो. आता बघ पोरी, तुझ्या दोन खोल्या.

ब्रिटा: ह्या तर नुसत्या लाकडी चौकटी आहेत. भिंती कुठायत?

मार्लिस: डेलच्या डोक्यात. ही मुलीची खोली होणार होती, नातवंडं आली की झोपायला. आणि हे तुझं बाथरूम.

ब्रिटा: नुसता टब आहे.

मार्लिस: खोक्यासकट. नळ नाही, पाइप नाही. बियाण्याचे बटाटे ठेवलेत त्यात, ओल लागू नये म्हणून.

ऑर्विल: हा हातोडा इथंच पडलाय अजून?

मार्लिस: दहा जुलैला दुपारी तो ठोकत होता. मी वरून जेवायला हाक मारली. हातोडा खाली ठेवला, वर आला, हात धुतले आणि म्हणाला, मी जातोय. जेवलाही नाही. मला हे कुणाला दाखवायचं नव्हतं, ब्रिटा. तू ऑगस्टमध्ये आलीस तेव्हा मी स्वतःच महिनाभर खाली उतरले नव्हते. तुला काय दाखवणार?

ब्रिटा: तुम्ही तेव्हा सांगितलं असतंत तर...

मार्लिस: काय सांगणार होते? फॉर्मवर त्याला रकाना आहे का?

ब्रिटा: नाही. मी फोटो काढू?

मार्लिस: काढ. पाण्याचाही काढ. आणि ते येतं त्या भेगेचाही.

ऑर्विल: मी हातोडा उचलून ठेवू का कुठं?

मार्लिस: हात लावू नकोस, ऑर्विल. माझं घर आहे, मी उचलीन. चला, तिकडं लोक ताटकळलेत.

(पुन्हा बोर्डाच्या सभेत.)

ऑर्विल: बसा सगळे, आलो आम्ही परत. लोरेटा, लिही. पाहणी झाली. तळघर अर्धवट आहे आणि त्यात पाणी येतं. घराची किंमत दोन लाख एकाहत्तर हजार डॉलरांवरून दोन लाख तेहेतीस हजार करावी, होमस्टेड पूर्ण द्यावं. तिन्ही मेंबरांचा होकार. झालं, मार्लिस.

मार्लिस: गेल्या वर्षी दोन लाख चौदा होती. मी चौदाच मागितली होती.

ऑर्विल: अगं, बाजार वाढलाय. तुझ्या शेजारच्या टॉर्गरसनचं घर केवढ्याला गेलं बघ.

मार्लिस: टॉर्गरसनचं तळघर कोरडं आहे. त्याच्या दराला माझ्या ओलीचा काय संबंध?

ऑर्विल: अडतीस हजार कमी केलेत! एवढे आजवर कुणाचे केले नाहीत या टेबलावर.

मार्लिस: उपकार नाही केलेत. जे नव्हतंच, ते वजा केलंत. ओलीचं अजून बाकी आहे.

ब्रिटा: मॅडम, पटलं नसेल तर जूनमध्ये काउंटीच्या बोर्डापुढं जाता येतं. फॉर्म आहे माझ्याकडं. पण तिथं सगळे परके असतात. माइकवर बोलावं लागतं. आणि पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. डेलचंसुद्धा.

ऑर्विल: कशाला पुन्हा तो त्रास, मार्लिस? झालं तेवढं पुरे की.

मार्लिस: दे गं तो फॉर्म. सकाळी येताना वाटत होतं, तोंडातून शब्द फुटणार नाही.

ब्रिटा: आणि आता?

मार्लिस: आता एकदा बोलून झालंय.