आपण पुढे!

...नाही, पण मला सांगा, पळायचं मी, धापा टाकायच्या मी, रात्री पिंढऱ्यांना तेल चोळत बसायचं मी, आणि टाळ्या? टाळ्या तुळजाला! वाजवा हो, जरूर वाजवा, माझी काही तक्रार नाही... म्हणजे आहे, पण घरी कोणी ऐकून घेत नाही म्हणून तुम्हाला सांगतो. तुळजा म्हणजे आमची शंभर मीटरवाली, फुरसुंगीची. डोळ्यांनी अजिबात दिसत नाही, पण पायांत नुसती वीज! दोरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. मी शेजारून पळत तिला रस्ता सांगायचा, रेषा जवळ आली की ओरडायचं, आणि रेषेपाशी मात्र तिनं पुढे, मी मागे. चुकून माझी छाती आधी गेली की ती बाद! म्हणजे बघा, पहिले आलात म्हणून हाकलून देतात असा जगात हा एकच धंदा असेल. आणि मी कोण? मी दोरीचं दुसरं टोक!

तुम्ही म्हणाल, मग धरलीस कशाला? अहो, धरली कुठे, गळ्यात पडली! कॉलेजात मी बरा पळायचो, पण पुण्यात 'बरा' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या प्रशिक्षक सुनीती मॅडम, त्यांनी मला एकदा पळताना पाहिलं आणि म्हणाल्या, "गोपाळकृष्ण, एकट्यानं पळून तुझं काही व्हायचं नाही. ही दोरी धर." झालं! शाळांच्या स्पर्धा, मग जिल्हा, मग राज्य, तुळजा सुसाट! जिल्ह्याला तिला पदक, मला केळं. राज्याला तिला पदक, मला केळं... तेही डागाळलेलं!

आणि मग गेल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा. जिंकली असती तर थेट भारताच्या संघात! चूक झाली. कुणाची? माझ्या संस्कारांची! आम्ही पडलो सदाशिव पेठेतले, आमच्याकडे अरेतुरे चालत नाही. आई खिडकीत आलेल्या मांजरालासुद्धा "आपण बाहेर व्हावं" म्हणते, आणि मांजर जातं, हो! मग मी तुळजाला काय म्हणणार? आपण! आपण पाणी घ्या, आपण बुटाची नाडी बांधा... तर शर्यत सुटली, आम्ही सगळ्यांच्या पुढे, रेषा आली जवळ, आणि मी जीव तोडून ओरडलो, "आपण पुढे! आपण पुढे!" म्हणजे काय? म्हणजे, बाई, आपण पुढे व्हा, मी मागे राहतो! आणि ही काय समजली? की आपण दोघं पुढे आहोत, जिंकलो! झाली की निवांत! पाय दिले सैल सोडून, मी आपला भरधाव, आणि गेली माझी छाती रेषेपलीकडे! पंचही नेमके पुण्याचे. चष्म्यावरून बघत म्हणाले, "अभिनंदन. आपण पहिले आलात. आता घरी जा."

परतीच्या गाडीत तुळजा बोटाला दोरी गुंडाळत बसली. पुणं जवळ आल्यावर म्हणाली, "दादा, आपन म्हंजे आपन दोघं न्हाय का?"

"नाही. आपण म्हणजे तुम्ही."

"मंग तुमी म्हंजे कोन?"

"तुम्ही म्हणजेसुद्धा तुम्हीच."

"आन् तू म्हंजे?"

मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. मग तिचा आवाज फुटला. "मला संघात जायाचं व्हतं, दादा. एका आपनपायी ऱ्हायलं." डोळे पुसून म्हणते कशी, "फुडल्या वर्षी मला तू म्हनायचं. न्हायतर दोरी दुसऱ्याच्या हातात."

'तू'! एवढंसं अक्षर, पण जिभेवर येईल तर शपथ! घरात सराव सुरू केला. गॅलरीत उभा राहून ओरडतोय, "तू! तू! तू पुढे हो!" खालून शेजारचे बाळकाका भाजी घेऊन चाललेले, ते थांबले, पिशवी खाली ठेवली आणि वर बघून म्हणाले, "कोणाला रे? मला? तुझ्या वडिलांनी कधी मला तू म्हटलं नाही!" आई आतून, "अरे, कोणाशी भांडतोयस?" आता काय सांगू, कोणाशी! आई, तू आत जा, मी दोरीचं दुसरं टोक आहे!

आणि यंदा स्पर्धा कुठे? आपल्या बालेवाडीत! आई पहिल्या रांगेत, बाळकाकाही आलेले, रुसलेले, पण आलेले. तुळजाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तिनं माझं मनगट दाबलं. "दादा, ध्यानात हाय ना?" मी म्हटलं, "आहे." बार उडाला! पळतोय, पळतोय, शेजारची मुलगी बरोबरीला, रेषा आली, मी तोंड उघडलं, आणि निघतंय काय? "त... त... त..." थंडीत रिक्षा सुरू होत नाही ना, तसं! तुळजा वाट बघतेय शब्दाची, माझा काही निघेना, आणि एकदम कुठून आलं देव जाणे, मी बोंबललो, "पळ गं भवाने!"

सगळं स्टेडियम हसलं! आणि तुळजा? अशी सुटली, अशी सुटली की दोरी ताणली, माझा खांदा निखळायचा बाकी, आणि ती पुढे, मी मागे, आरपार! धापा टाकत विचारते, "कोन जितलं?" मी म्हटलं, "तू! अगं, तूच!" आणि ढसाढसा रडलो, तुम्हाला सांगतो, लाज सोडून रडलो. आईनं नंतर पेढा भरवला आणि म्हणाली, "भवानी? हे कुठं शिकलास?"

तर तुळजा गेली भारताच्या संघात! आता परदेशात पळायचं. मला वाटलं, चला, आपलंही सोनं झालं. तर सुनीती मॅडम म्हणतात, "तिचा वेग वाढला. तुझा होता तिथेच आहे. शेवटी तू पळत नव्हतास, लोंबकळत होतास. दुसरा कोणी बघू का?" बघा म्हटलं, मन मोठं केलं, रात्रभर झोपलो नाही ते सोडा. तर तुळजा अडून बसली. "न्हाय मॅडम, मला ह्योच पायजे. ह्यास्नी पळवायचं माझ्याकडं लागलं." माझा ऊर भरून आला हो! म्हटलं, का गं, माझ्यावर एवढा विश्वास?

"तसं न्हाय, दादा. पर तुमी इतक्या मोठ्यानं धापा टाकता, की बाकीच्यांच्या गलक्यात मला तुमीच तेवढे वळखू येता."

म्हणजे भारताच्या संघात निवड झाली माझी... पळण्यावर नाही, दमण्यावर!