आरपार बंद

...आणि वर मलाच विचारतात, "आजोबा, तुमची नेमकी तक्रार काय आहे?" नेमकी! म्हणजे इतके दिवस मी काय गाणं म्हणत होतो? तुम्हाला सांगतो, मी तसा कमी बोलणारा माणूस, आणि जे बोलतो तेही सावकाश. आमची ही तर म्हणते, "तुमचं एक वाक्य संपेपर्यंत दूध उतू जाऊन, भांडं घासून, पालथं घालून होतं." खरं आहे. जन्म गेला बेकरीत, भट्टीपुढे. तिथे बोलणार कोणाशी, पावाशी? आणि भट्टीचाच गुण लागला असेल अंगाला, मला तापायला वेळ लागतो. पण एकदा तापलो की मग... मग निवायलाही वेळ लागतो! तेव्हा आज मला मध्ये अडवू नका. इथे टेबलावर कुठे लाल दिवा नाही ना? नाही ना? मग ऐका. लाल दिवा कसला ते येईलच पुढे.

तर आमची गल्ली. गल्ली कसली, दोन ओळी घरांच्या आणि मध्ये हा एवढा रस्ता. आमच्या दाराच्या अगदी समोर हिच्या थोरल्या बहिणीचं दार. ताई म्हणतो आम्ही सगळेच. लग्न ठरलं तेव्हा हिची एकच अट होती, "घर कसलं का असेना, ताईच्या समोर घ्या." घेतलं. मग काय, सकाळी हिने खिडकी उघडली की तिकडे ताईची उघडायची. इकडून ही ओरडणार, "मीठ आहे का गं?" तिकडून ती ओरडणार, "मीठ आहे, तू ये!" आता ताईला दिसत नाही. म्हणजे उजेड कळतो, माणूस कळत नाही. म्हणून संध्याकाळी ही तेल कोमट करते, वाटीत घेते, समोर जाते आणि ताईचे केस विंचरून देते. एवढंच. दोन म्हाताऱ्या बहिणी, एक फणी, आणि गप्पा अशा की लहानपणीच्या कुठल्या मांजराला कोणी लाथ मारली होती त्यावरून अजून भांडण! तेवढा एक तास ताई जिवंत असते हो. बाकीचा दिवस ती वाट बघते.

आता यात कोणाचं काही वाईट झालं का? कोणाच्या पोटात दुखायचं कारण आहे? आम्हाला फक्त समोर जायचंय हो!

पण झालं काय, की मोठ्या रस्त्यावर तो सिग्नल बसला. आणि लोकांच्या मोबाईलमध्ये ती एक बाई असते ना, ती गोड आवाजात म्हणायला लागली, "पुढे डावीकडे वळा." डावीकडे कोण? आम्ही! तेव्हापासून सिग्नल चुकवायला अख्खं गाव डावीकडे वळतंय. ती बाई मला एकदा भेटू दे. माझी शाळा चौथीतच सुटली, पण एवढं विचारीन तिला, "बाई, तू कधी आलीस का गं आमच्या गल्लीत? आमच्याकडे पाणी प्यायलीस का? मग ओळख ना पाळख, लोकांना पत्ता कसा देतेस?"

आणि गाड्या तरी कशा! एक गेली की तिच्या शेपटीला दुसरी, दुसरीच्या शेपटीला तिसरी. मोटरसायकलवाले तर गाडी चालवत नाहीत, फेकतात! मी हात वर करून उभा राहायचो, हिला पाठीशी घ्यायचो आणि थांब थांब करत न्यायचो. थांबतील तर शपथ! वर ओरडायचे, "ओ काका, घरी बसा ना!" अरे, घरीच चाललोय! हे आमचं घर आणि ते पण आमचं घर, मध्ये तू आलास!

आणि मग एके दिवशी, मी जरा चप्पल घालत होतो तेवढ्यात ही एकटीच निघाली, आणि एका गाडीचा बाजूचा आरसा लागला हिच्या हाताला. वाटी उडाली. कोपर हे असं सुजलं. मी धावलो, म्हणजे आता माझं धावणं ते केवढं, पण धावलो. गाडी थांबली बरं का! मला वाटलं, चला, माणूस आहे. त्याने काच खाली केली, मान बाहेर काढली आणि काय म्हणाला असेल? "शी! दाराला तेल लागलं सगळं!"

दाराला... तेल... लागलं!

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी भट्टी पेटली. तो गेला निघून. ही रस्त्यात बसलेली, कोपर धरून, आणि समोरून ताई दारात उभी राहून हाका मारतेय, "काय पडलं गं? वाटी पडली का गं?" तिला दिसत नाही ना. आणि ही रडत नाही, मोठ्याने म्हणते, "काही नाही ताई, वाटीच पडली!"

मी गेलो नगरपालिकेच्या कार्यालयात. एकदा, दोनदा, किती वेळा ते सोडा. या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटी म्हणाले, "आजोबा, तुमच्यासारख्या पुष्कळ तक्रारी आहेत, 'राहत्या वस्तीतल्या रहदारीवर निर्बंध' या विषयावर सभेत चर्चाच ठेवलीय, या तुम्ही." गेलो. धुतलेला सदरा घालून गेलो. हिने बटण लावून दिलं, आणि म्हणाली, "हे बघा, लांबण लावू नका. आधी मुद्दा बोला, मग बाकीचं."

काय ती सभा! थंडगार हॉल, खुर्च्या अशा गुबगुबीत की बसलं की माणूस आत जातो. समोर अध्यक्ष, बाजूला भिंतीवर नकाशा आणि नकाशाजवळ एक चष्मेवाले साहेब, हातात लांब काठी. साहेब म्हणाले, "रहदारी ही पाण्यासारखी असते. इथे अडवली की तिथून फुटते." मी मनात म्हटलं, पाणी कोपराला आरसा मारून जात नाही हो! पण बोललो नाही. माझी पाळी नव्हती.

मग उठला सोफेवाला. त्याचं आमच्या गल्लीच्या टोकाला सोफ्याचं दुकान. छातीवर हात ठेवून म्हणतो कसा, "अध्यक्षमहाराज, विषयाच्या नावातच 'निर्बंध' हा शब्द आहे! निर्बंध? आम्ही काय गुन्हेगार आहोत? माझं गिऱ्हाईक काय सोफा डोक्यावर घेऊन चालत जाणार?" झालं! शब्दावरच सगळे घसरले. एक म्हणाला, निर्बंध नको तर 'नियंत्रण' म्हणा. सोफेवाला म्हणाला, "नियंत्रण? म्हणजे माझ्या दुकानात कोणी यायचं ते तुम्ही ठरवणार?" दुसरा म्हणाला, 'नियमन.' सोफेवाला म्हणाला, "ते तेच आहे, फक्त कपडे बदलून आलंय!" मग चष्मेवाले साहेब काठी आपटून म्हणाले, "सध्या जगभर 'शांतीकरण' म्हणतात. रहदारीचं शांतीकरण!" आता मला सांगा, शांती कोणाची करतात? रहदारी काय गेली का देवाघरी? पण नाही, त्यावरही डोकी हलवून विचार! चहा आला. बिस्किटं आली. बिस्किटं मऊ पडलेली, ते मला एका नजरेत कळलं, पण तेही मी बोललो नाही. मी आपला बसून होतो. तिकडे संध्याकाळ होत आली होती, ही खिडकीत उभी असणार, ताई दारात उभी असणार, आणि इथे हे शब्दाला अंघोळ घालत बसलेत!

आम्हाला फक्त समोर जायचंय हो! याला काय म्हणायचं ते नंतर म्हणा ना!

मग माझी पाळी. उभा राहिलो. टेबलावर एक छोटा दिवा होता. अध्यक्ष म्हणाले, "आजोबा, हिरवा दिवा आहे तोवर बोलायचं, लाल झाला की थांबायचं." म्हणजे बघा, गाड्यांना गल्लीत सिग्नल नाही आणि मला हॉलमध्ये सिग्नल! मी सुरुवात केली. "नमस्कार... मी... पूर्वी बेकरीत..." हिने सांगितलं होतं मुद्दा आधी बोला, पण माणूस आपण कोण ते तरी सांगेल ना? "तर माझ्या घराच्या... समोर... माझी मेहुणी..." कोणीतरी फिसकन हसलं. मेहुणी म्हटलं की हसतात मेले! माझा तोल गेला, पुन्हा नमस्कारापासून सुरुवात केली, आणि दिवा लाल. संपलं! अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "आजोबा, एका वाक्यात सांगा, तुम्हाला हवंय काय?"

आणि मी तापलेलो होतो. मी टेबलावर मूठ आपटली, आयुष्यात पहिल्यांदा आपटली, आणि ओरडलो, "आरपार बंद करा! बाकी काही नको! या तोंडाने शिरायचं आणि त्या तोंडाने निघायचं, हे आरपार जाणं बंद करा!"

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "वा! 'आरपार बंद'! किती सोपा शब्द! आणि आपल्या भाषेतला!" सोफेवाल्याने दोनदा तोंडात घोळवून बघितला, "आरपार... आरपार... यात निर्बंध नाही, नियंत्रण नाही. मला चालेल." चष्मेवाले साहेबही म्हणाले, बरं. सगळ्यांचे हात वर! टाळ्या! कोणाला? मला! अहो, मी घरी आलो तो जणू लग्न करून आलो. हिने फणी धुवून ठेवली. ताईला ओरडून सांगितलं, "ताई, ह्यांनी सभा जिंकली!" ताई तिकडून म्हणाली, "त्यांनी? बोलून?"

मग कामगार आले. लोखंडी कठडे आणले, खड्डे खणायला लागले. मी स्वतः त्यांना चहा दिला. स्वतःच्या हाताने! साखर जास्त घालून! मला वाटलं, गल्लीच्या तोंडाशी आडवा कठडा घालतील, गाड्या बंद, विषय संपला. दुपारी जरा डोळा लागला. उठून बघतो, तर कठडा गल्लीच्या मधोमध! उभाच्या उभा! या टोकापासून त्या टोकापर्यंत, छातीइतका उंच! एक बाजू जायला, एक बाजू यायला!

"अहो मुकादम, चुकलात! आडवा घाला! उभा काय घालताय?"

मुकादम म्हणाला, "काका, हुकूम आहे, आरपार बंद. आरपार म्हणजे काय? या बाजूकडून त्या बाजूला. आता बघा, मांजर तरी जातंय का!"

"अरे, गाड्यांचं आरपार!"

"गाड्या कुठे आरपार जातात? त्या सरळ जातात. आरपार माणसं जातात, आणि चिरडली जातात. चांगला शब्द दिलाय कोणीतरी, आम्हाला लगेच कळला. काका, चहा छान होता हं."

मी कार्यालयात धावलो. चष्मेवाले साहेब म्हणाले, "आजोबा, शब्द तुमचाच आहे. तुमच्या मानासाठी जसाच्या तसा ठेवला." मी म्हटलं, मग आता बदला! तर म्हणतात, "बदलू ना. पण मग पुन्हा सभा, पुन्हा चर्चा. निर्बंध म्हणायचं की नियंत्रण..." आणि त्याच्या पुढे ते विचारतात, "पण आजोबा, तुमची नेमकी तक्रार काय आहे?"

नेमकी!

आता गाड्यांना अडथळाच उरला नाही. पूर्वी निदान माझ्यासारखा एखादा म्हातारा मध्ये यायचा, आता तोही नाही! कठड्यावर पाटी लावलीय, 'आरपार बंद. ज्येष्ठ नागरिकांच्या सूचनेवरून.' शेजारीपाजारी पाटी वाचतात आणि माझ्याकडे बघतात. हिने तर बोलणंच टाकलं माझ्याशी. संध्याकाळी तेल कोमट करायची, खिडकीत ठेवायची, गार झालं की बाटलीत परत ओतायची. ताई तिकडे दारात, केसांचा गुंता झालेला, विचारायची, "आलीस का गं?" आणि मध्ये गाड्यांचा एवढा आवाज की हिचं उत्तर तिच्यापर्यंत पोचायचंच नाही. वळसा घालून जायचं तर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाऊन परत चालत यायचं. हिच्या गुडघ्यांना ते झेपतंय कुठे?

काल हिने एकदम तोंड उघडलं. "टॅक्सी बोलवा."

बोलावली. पोरगेला ड्रायव्हर. "कुठे जायचं काका?" मी बोट दाखवलं. "ते... समोरचं दार." त्याने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काका, चेष्टा करता?" म्हटलं, चेष्टा झाली रे बाबा, पण मी नाही केली. चल.

निघालो. ही मागे, मांडीवर वाटी, वाटीवर झाकण, झाकणावर हात. सरळ गेलो मोठ्या रस्त्यापर्यंत, सिग्नलला थांबलो, वळलो, आणि ड्रायव्हरच्या मोबाईलमधली ती बाई, तीच ती, गोड आवाजात म्हणाली, "पुढे डावीकडे वळा." आणि तुम्हाला सांगतो, पहिल्यांदाच ती बरोबर बोलली! शिरलो आमच्याच गल्लीत. तर पुढे गाडीच्या वाटेत एक म्हातारा, हातात पिशवी, रमतगमत चाललेला. कठड्यामुळे त्या बिचाऱ्याला चालायला दुसरी जागाच नाही. मागून ही म्हणते, "अहो, हॉर्न वाजवायला सांगा ना त्याला! तेल गार होतंय!"

वाजवला. म्हातारा दचकून भिंतीला चिकटला, वळला, आणि पिशवी उगारून ओरडला, अगदी माझ्या आवाजात, "कुठे मरायला चाललाय एवढ्या घाईने? लोक राहतात इथे!"

मी काय करणार... काच खाली केली, मान बाहेर काढली आणि म्हटलं, "रागावू नका, आम्हाला फक्त समोर जायचंय हो!"