बांधापर्यंत आठ हाडं

हसा तुम्ही, पण मी ॲनाटॉमीत पास झाले ती आमच्या मार्गासनीच्या खाचरात. पहिल्या वेळी नापास झाले होते. फेरपरीक्षेसाठी पुस्तकं घेऊन घरी आले, तर ऐन भातलावणी चाललेली. आई म्हणाली, "खोलीत बसून नापासच झालीस न्हवं? चल, माझ्यासंगं रोपं लाव आन् मोठ्यानं म्हण."

भात लावताना माणूस वाकून मागं मागं सरकत जातो. आईनं नियमच केला, की एका बांधापासून मागच्या बांधापर्यंत एक उत्तर पुरं झालं पाहिजे. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तिला इंग्रजी येत नाही, पण मनगटाच्या हाडांतलं एखादं नाव गाळलं की लगेच म्हणायची, "काल आठ व्हती. आज सातच कशी?" पंधरा दिवसांत कंबरेचा काटा ढिला झाला, पण मी एकदाही बांधावर बसले नाही.

तोंडी परीक्षेत सरांनी नेमकी तीच हाडं विचारली. मी टेबलासमोर उभी राहून सुरुवात केली. प्रत्येक नावाला माझं एक पाऊल मागं पडतंय, हे मला कळलंच नाही. आठवं नाव घेतलं आणि पाठ दाराला टेकली.

सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, निघालात कुठं?"

मी म्हटलं, "कुठं नाही, सर. बांध आला. आता पुढचं विचारा."