पानी तोडलेली द्राक्षं

माजं माहेर केम गावचं. लगीन होऊन हितं सोलापूरजवळ आले तवा सासऱ्यानं लावलेली अर्धा एकर काळी द्राक्षं व्हती, बियावाली, बाजारात कोन इचारत न्हवतं. मालक, म्हंजे माजं धनी, दर वर्साला म्हनायचे काडून टाकू, हिरवी लावू, आन मी दर वर्साला म्हनायची औंदा ऱ्हाऊद्या, माज्या हातानं वाडिवल्यात. काय सांगू तुमाला ताई, त्या येलींपायी आमचं जेवडं भांडान झालं तेवडं सासूपायी बी न्हाय झालं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. हिरीला पानी न्हाय, येलीला एकेक घागर घालायची मी. मनी आलं ते मिऱ्याएवडं, साल जाड. लाजत लाजत पाटी घिऊन सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात बसले, तर चर्चमदले म्हातारे फादर आले, एक मनी तोंडात टाकला, बी चावली, डोळं मिटलं, म्हनले बाई हे समदं मला पायजे, प्रार्थनेला आमी द्राक्षारस करतो. मी म्हनलं फादर, ह्यात रस हाय कुटं? तर म्हनले, म्हनूनच.

फुडल्या साली पाऊस बक्कळ. मनी टपोरं झालं, त्यात तोडनीच्या आदी तीन दिस मालकांनी इंजान लावून पाट सोडला, आमच्यात रीतच हाय, माल वजनदार दिसावा म्हनून. फादरनी चाखलं आन म्हनले पानी लई झालं. मालक चिडले की! म्हनले मी काय गवळी हाय व्हय? तरी फुडल्या सालीबी घिईन म्हनलेले, त्या शब्दाखातर फादरनी नेली. सा म्हयन्यांनी बाटली दावायला आनली, रंग कसला, कुंकू धुतलेल्या पान्यागत. म्हनले चर्चमदली म्हातारी इचारत्यात, फादर, औंदा सरबत का? मी अजून एक साल बघतो, मग द्राक्षाला दुसरीकडं जातो. मालक म्हनले झालं, मग कुऱ्हाडच.

जाताना फादरनी मला सांगितलं व्हतं, फुडल्या साली मनी रंगाला लागलं की पानी तोडा. मालकांना हे पटंना, म्हनले हिरीत पानी असून येली तान्हेल्या ठिवायच्या, पाप लागंल! गपचिप जाऊन इंजान लावायचे. म्हनून मी इंजान फिरवून चालू करायचं हँडलच काडलं आन ज्वारीच्या कनगीत पुरलं. मालक घर धुंडाळत्यात, मी भाकरी थापतीया. पर पानं पिवळी पडाय लागली तवा, खोटं कशाला बोलू, मीबी दोनदा कनगीत हात घातला आन दोनदा मागं घेतला. त्यात तोडनीला आठ दिस असताना आभाळ भरून आलं. तिकडं कोरड्या सांगोल्याची मानसं पावसासाटी ढगाला हात जोडत्यात, आन मी बांधावर हुबं ऱ्हाऊन पदरानं हाकलतीया, जा की रं बाबा. गेलं बिचारं.

त्या सालची बाटली जांभळागत काळी आली. मालक माळकरी, त्यांनी तोंडाला लावली न्हाय, पर बूच काडून वास घेतला, लई येळ घेतला, आन म्हनले ऱ्हाऊंदे तुज्या येली. तुज्या म्हनले, ताई. मला रडूच आलं.

आता मनी रंगाला लागलं की मालकच हँडल काडून माज्या हातात देत्यात. म्हनत्यात, ठिव कुटं ठिवायचं तितं, पर मला सांगू नगंस, माजा काय भरवसा न्हाय.