आधी शेगडी

कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे सहलीला न्यायच्या चाकांवरच्या घरांच्या, दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते.

“भाऊ, गॅसवरचा फ्रीज पेटतच नाही हो. चार दिवस बटण दाबून अंगठा सुजला, दूध नासलं ते वेगळंच.”

“सिलिंडर नवा लावलात का, काका?”

“निघतानाच लावला.”

“मग नळीत हवा अडकलीय. आधी शेगडी पेटवा, हवा निघून जाईल, मग फ्रीज पेटेल. चार दिवसांत शेगडी पेटवलीच नाहीत?”

“ते हिला विचारा.”

“मला कशाला? सुट्टीत मी शेगडीला हात लावणार नाही, हे घरीच सांगितलं होतं.”

“अगं, आता मेकॅनिकच सांगतोय!”

“तुम्हाला सांगतोय. पेटवा की.”

“पेटवतो! त्यात काय एवढं?... भाऊ, जरा इकडे या. शेगडीचं बटण दाबायचं असतं, की फिरवायचं?”