पोरींची नावं

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे झोपड्यांमधल्या दोघी मजूर बायका उभ्या होत्या, कौशल्या आणि सिंधुताई.

“सिंधुताई, ते शाळेची बाई तुमच्याकडं आली होती का? घरोघर पोरींची नावं लिहून राहिली.”

“आली होती. मी तं आमच्या सुमनचं नाव देल्लं.”

“कावून देल्लं? मागच्या साली असेच नावं लिहून नेले, अन् आठ दिवसांत आपल्या झोपड्या उठवल्या.”

“ते साहेब लोक होते, कौशल्या. हे मास्तरीण होय.”

“वही तं तशीच होती तिच्या हातात. फुकट शिकवतो म्हणते. आमाले फुकट कोन काय देते?”

“मंग तू काय सांगितलं तिले?”

“घरी पोरगीच नाही म्हटलं. बेबीले पोत्यामागं लपवलं होतं.”

“अन् ते गेली?”

“जातच होती. तं बेबी सोताच बाहेर आली, अन् आपलं नाव सांगून मोकळी झाली.”

“बेबी म्हणून?”

“नाही. वसुंधरा म्हणे. कुठून आणलं, तिलेच ठाऊक. कालपासून बेबी म्हटलं तं ओ देत नाही.”